अकिवाटच्या पुढे

कुरुंदवाडच्या बाबालाल मणेराला दिसेनासं झालं तेव्हा गल्लीला वाटलं, आता हा माणूस रडत बसेल. तो रडला नाही. तो नुसता घरात बसला, आणि उठेनाच.

त्याआधीची तीसेक वर्षं त्याला दिवसाउजेडी घरात कुणी पाहिलंच नव्हतं. सायकलच्या कॅरिअरवर काकणांची पेटी बांधायची आणि कृष्णेच्या काठाकाठानं मजरेवाडी, अकिवाट असा फेरा धरायचा, हे त्याचं आयुष्य. वाटेतल्या वस्त्यांवरच्या बायका त्याला मामा म्हणत. कुणाच्या घरी लग्न निघालं की नवरीचा चुडा भरायला मामाच लागे. पुढं साखरेच्या दुखण्यानं आधी एक डोळा गेला, मागोमाग दुसरा. मिरजेला जाऊन लेसर झालं, सुया झाल्या, पण उशीर झाला होता. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळे. सायकल त्यानं मेव्हण्याला देऊन टाकली.

एकदा काठी टेकत तो मशिदीकडं निघाला होता. गल्लीत कुणीतरी मोटरसायकल आडवी लावलेली. तिच्यावर धडपडून पडला. पडल्याचं त्याला काही वाटलं नाही. पण ज्यानं उचललं तो माणूस म्हणाला, "च्च च्च, काय वेळ आली ओ बाबालालभाईवर!" ते च्चच्च काही केल्या कानातून जाईना. तेव्हापासून नमाजही घरातच.

त्याची मुलगी शाहिस्ता कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेत कामाला होती. रविवारी ती मित्रमैत्रिणींबरोबर सायकलवर भटकायची. जाड टायरच्या, गिअरच्या सायकली होत्या, पण पन्हाळ्याचा घाट या मंडळींनी दुसऱ्यांसाठी सोडला होता. यांना सपाटीची वाट आवडे. नदीकाठच्या उसातून निवांत जायचं, कुठं गुऱ्हाळ लागलं तर रस प्यायचा, कुणी शेतकरी बोलायला लागला तर सायकल टेकवून ऐकायचं. अशा एका रविवारी कुणाच्या तरी शेतात भुईमुगाच्या शेंगा खाताना तिच्या मनात आलं, हे सगळं अब्बांचं आहे, आणि फिरतेय मी.

दिवाळी झाल्यावर ती टेम्पोतून एक अजब वाहन घेऊन आली. उद्यमनगरात वेल्डिंगचं दुकान असलेल्या धैर्यशीलनं, तिच्या ग्रुपमधल्याच एका मित्रानं, दोन जुन्या गिअरच्या सायकली कापून एक लांबलचक जोडसायकल केली होती. दोन सीट, दोघांना पायडल, चाकं मात्र दोनच.

"अब्बा, तुमच्यासाठी आणलीय."

बाबालालनं सायकलवरून हात फिरवला. पुढचं सीट, मागचं सीट. मागचं हँडल त्यानं हिसडून पाहिलं.

"हे वळत न्हाय."

"ते नुसतं धरायला हाय. वळवायचं पुढच्यानं."

"म्हंजे मी पोतं."

"पायडल हाय की तुमाला."

"पोत्याला पायडल! लई भारी," म्हणत तो आत गेला.

दोन रविवार सायकल भिंतीला टेकून उभी राहिली. येणारीजाणारी पोरं घंटी वाजवून पळत. तिसऱ्या रविवारी त्याची बायको सलिमा पदर खोचून बाहेर आली आणि म्हणाली, "शाहिस्ता, चल, मी बसते मागं."

सलिमा जन्मात कधी सायकलवर बसली नव्हती. बाबालालला ओट्यावर आधी तिची किंकाळी ऐकू आली. मग "सोड गं मला, उतरव!" मग काही वेळ नुसता चेनचा आवाज. आणि मग गल्लीच्या कोपऱ्यावरून हसणं आलं. त्याचे डोळे गेल्यापासून या घरात सलिमा तसं हसली नव्हती. हसणं लांब गेलं, विरलं, आणि बऱ्याच वेळानं दुसऱ्या बाजूनं परत आलं.

"शाळेच्या मैदानापतोर गेलतो," ती धापा टाकत म्हणाली.

"कसं वाटलं?"

"ते मी न्हाय सांगणार. तुमीच बसून बगा." आणि तोंडातून 'बगा' गेल्यावर तिनं जीभ चावली.

आधी हसला तो बाबालालच. "बगतो की," तो म्हणाला. "माझी टोपी कुटं हाय?"

गाव मागं पडून नदीकाठच्या मळीच्या रानाची वाट लागली, तसं त्याचं अंग सैल झालं. काठीनं चालताना प्रत्येक पाऊल भीत भीत टाकावं लागे. पुढं काय आडवं येईल याचा नेम नसे. इथं पाय आपले गरागरा फिरत होते आणि गार वारं तोंडावर येत होतं. त्याला बोलायची उबळ आली.

"आता डाव्या हाताला चिंच येईल बग. मोठी."

"चिंच न्हाय हितं, अब्बा."

"असंल की. नीट बग. मग गुऱ्हाळ लागंल."

"पत्र्याचं शेड हाय. कुलूप घातलंय."

बाबालाल चिडला. पोरगी लक्ष देत नाही असं त्याला वाटलं. मधल्या दोन महापुरांनी काठ कसा कुरतडलाय, कुठली झाडं नेलीत, हे त्यानं ऐकलं होतं; पण त्याच्या डोक्यातली वाट जशीच्या तशी उभी होती. आणि त्या वाटेवर आता एक मोठं वळण होतं. ते आलं असं त्याच्या अंगाला वाटलं, आणि त्यानं सगळा भार डावीकडं टाकला.

वाट सरळ होती. बापलेक सायकलीसकट वांग्यांत गेले.

"कोण हाय रे ते?" शेतातून खणखणीत आवाज आला. "वांगी काय तुमच्या बाची हाईत? रोज कोण ना कोण येतंय सायकली घेऊन!"

चिखलात बसल्या बसल्या बाबालालचा चेहरा खुलला. "धोंडुबाई, मी हाय! बाबालाल! काकणवाला!"

पावलं जवळ आली.

"धोंडुबाई माजी सासू, मामा. तिला जाऊन लई दिवस झालं. मी चिमणा. माज्या लग्नाचा चुडा तुमीच भरलाता की."

"आवाज तर तिचाच."

"समदीच म्हंत्यात. शिव्या पण तिच्याच हाताखाली शिकलिया."

चिमणाबाईनं दोघांना विहिरीपाशी नेलं. मोटर चालू करून हातपाय धुवायला लावले. शाहिस्ता मोडलेल्या रोपांबद्दल माफी मागायला लागली, तर तिनं ते ऐकूनच घेतलं नाही. म्हणाली, "मामा, डोळं कवा गेलं?"

असं तोंडावर सरळ कुणी विचारलं नव्हतं. बाबालालनंही सरळ सांगितलं.

"मग काकणं?"

"बंद केली."

"का? काकणं काय डोळ्यानं भरत्यात व्हय?"

तिनं आपला हात त्याच्या हातात दिला. मनगटात बाजारातली प्लॅस्टिकची काकणं होती. त्याच्या बोटांनी आपोआप तो पंजा दुमडला, अंगठा आत घेतला, सांधे चाचपले.

"पंजा रुंदावलाय गं तुजा. लग्नातलं माप आता चढायचं न्हाय."

"कसं चढंल? उसाच्या मोळ्या कोण बांधतंय मग?"

शाहिस्ता बापाच्या तोंडाकडं पाहत होती. फेऱ्यावरून संध्याकाळी परत आल्यावर तो जसा दिसायचा, तसा तो दिसत होता. थकलेला, आणि उद्या जायचंय असा.

जाताना चिमणाबाई म्हणाली, "पुढच्या रविवारी काचेची घेऊन या. आणि वाट सरळ हाय आता. ते वळण नदीनं नेलं."

त्या दिवसापासून शाहिस्तानं नियम केला. वळण आलं की ती 'डावं' किंवा 'उजवं' म्हणणार, खड्डा आला की 'खड्डा', आणि तिनं म्हटल्याशिवाय अब्बांनी अंग हलवायचं नाही. बाबालालला हे जड गेलं. आयुष्यभर ज्या वाटेवर त्यानं स्वतः सायकल वळवली, तिच्यावर गप्प बसायचं. पहिले काही रविवार तो कुरकुरत होता. मग एकदा शाहिस्ताच्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, ती 'डावं' म्हणतेय आणि सायकल लोण्यातून सुरी जावी तशी वळतेय.

काकणांचं बाड सलिमा बांधून द्यायची. हिरव्याला एक गाठ, लालला दोन, पिवळ्याला तीन. तरी एकदा गाठी चुकल्या आणि चिमणाबाईच्या भाचीच्या हातात लाल-पिवळी मिसळून गेली. बायका खो खो हसल्या. भाचीनं काढू दिली नाहीत. तिच्या कॉलेजातल्या पोरींनी पुढच्या खेपेला तशीच मागितली. वस्तीवर रविवारी चारदोन बायका वाट बघू लागल्या. धंदा म्हणावा असं काही नव्हतं ते. पण बाबालाल शुक्रवारी मशिदीतही जायला लागला. वाटेत मोटरसायकल आडवी दिसली, म्हणजे लागली, की काठीनं तिच्यावर ठकठक करून मालकाला बाहेर बोलवायचा आणि चारचौघांत झापायचा.

जानेवारीत शाहिस्ताचा सगळा ग्रुप कोल्हापूरहून आला. दहाबारा सायकली, आणि सगळ्या जोडसायकलच्या चालीनं. अकिवाटात चहा झाला तेव्हा तिची मैत्रीण क्रांती म्हणाली, "काका, असंच पुढं खिद्रापूरला जायाचं काय?"

बाबालालनं बशी खाली ठेवली. अकिवाटच्या पुढं तो कधीच गेला नव्हता. पुढचा मुलूख दुसऱ्या मणेराचा, म्हणजे दुसऱ्या काकणवाल्याचा होता. एकानं दुसऱ्याच्या गावात पेटी उघडायची नाही, असा त्यांचा शब्द होता. तो मणेर वारला, त्याच्या पोरांनी धंदा सोडला, तरी बाबालालची सायकल इथूनच मागं फिरायची.

"मला तिकडची वाट ठावं न्हाय," तो म्हणाला.

"आमालाबी न्हाय," क्रांती म्हणाली.

निघाले. गाव संपलं. इथं चिंच कुठली आणि गुऱ्हाळ कुठलं, त्याला काहीच आठवायचं नव्हतं. काय गेलं, काय उरलं, हे विचारायचं नव्हतं. मग त्यानं नुसतं विचारलं, "काय काय दिसतंय, सांग की."

"उसाला तुरं आलेत, अब्बा. लांबपतोर पांढरं. नदी डाव्या हाताला हाय, पाणी संथ हाय. बांधावर एक म्हातारा बसलाय. हात करतोय आपल्याला."

बाबालालनं त्या बाजूला हात हलवला.

"दुसऱ्या बाजूला हाय तो."

त्यानं दुसरा हात हलवला. म्हाताऱ्यानं ओरडून विचारलं, "कुणाकडचं पावणं ओ?"

"कुरुंदवाडचं!" बाबालाल त्याच्याहून मोठ्यानं ओरडला, आणि त्यानं पायडलला असा जोर दिला की पुढं बसलेली शाहिस्ता दचकली.

"हळू, अब्बा. मागची मंडळी लांब राहिली."

"येतील की," तो म्हणाला. "तू पुढचं सांग."