मामा विमानानं, मी गाडीवर: चिकलठाणा ते नांदेड

माझं आयुष्य बदललं ते चिकलठाणा विमानतळाच्या दारात. शीतलचे मामा बॅगेचं चाक माझ्या बुटावरून नेत म्हणाले, "कॉलेज अर्धवट सोडणाऱ्यानं नांदेडची स्वप्नं बघू नयेत."

शीतल माझी वर्गमैत्रीण. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून वाळूजच्या कंपनीत लागलो, ती शिक्षण संपवून नांदेडला घरी गेली. त्या सकाळी तिचा फोन आला, "मामा तिकडूनच विमानानं स्थळ घेऊन यायलेत. पाहुणे घरी टेकायच्या आधी येऊन बाबांशी बोल. नंतर आलास तर मी ओळख दाखवणार नाय." मी मामांच्या पाया पडायला गेलो होतो. डोकंच फिरलं. म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच!"

आता जाणाऱ्यांसाठी हिशोब. दोन्ही विमानतळांतलं हवाई अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आत, रस्त्यानं पावणेतीनशेच्या घरात. कागदावर विमान जिंकतं. पण तेव्हा थेट विमान नव्हतं. मामा आणि नवरदेव आधी हैदराबादला उतरणार, तिथं ताटकळणार, मग उलटं नांदेडला येणार. माझी गाडी बाहेर उभीच होती, तोंड जालन्याकडं.

समृद्धीवर दुचाकी घेत नाहीत, तिकडं वळू नका. टाकी जालन्यातच भरा. पुढं वाटूर, मंठा, जिंतूर. रस्ता कुठं लोण्यासारखा, कुठं कंबरडं मोडणारा. जिंतूरला गरम भजी आणि तळलेली मिरची उभ्यानंच खाल्ली.

गाड्यावरच्या काकू म्हणाल्या, "लई घाईत हायेस. कुणी आजारी हाय का?"

"नाय काकू, सोयरीक हाय."

"कुणाची?"

"माझीच. तिथल्यांना अजून ठाऊक नाय."

त्यांनी दोन भजी वरून टाकली.

औंढ्याला नागनाथाला गाडीवरूनच हात जोडले: देवा, हैदराबादचं विमान लेट कर. वसमतकडं हळद वाळत घातलेली दिसली. मी शुभशकुन समजलो आणि गियर टाकला.

नांदेडला दार शीतलनंच उघडलं. "आधी तोंड धू," एवढंच म्हणाली.

बाबांनी सरळ विचारलं, "कॉलेज का सोडलं?"

"मन लागंना. मशीनवर लागलं. आता पर्मनंट हाय."

"आणि हिच्यात?"

"पहिल्या दिवसापासून."

बाबांनी लेकीकडं बघितलं. "मला हाच पायजे, बाबा," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

तेवढ्यात मामांचा फोन. ते अजून हैदराबादेतच! बाबा ऐकत राहिले, ऐकता ऐकता हसायला लागले. म्हणाले, "या सावकाश. जावई पोचलेत."

संध्याकाळी नांदेड विमानतळावर मामांना घ्यायला बाबांसोबत मीच गेलो. तीच बॅग मी त्यांच्या हातातून घेतली. "मामा, प्रवास लांबला व्हय?" बाबांनी कोपरानं ढोसलं, पण हसू त्यांनाही आवरेना. नवरदेव मात्र भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "परत जायला बस किती वाजता असते?"

दुसऱ्या दिवशी वाळूजला, बजाजनगरच्या रूमवर परत आलो. पाठीचा पार भुगा झालेला, पण कानात एकच वाक्य: जावई पोचलेत. तरी एक मुक्काम राहिलाच होता. फुलंब्रीला आमचे वडील, अण्णा, मेंढरांमागं असतील, त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. आणि हे फिरणारं डोकं मला त्यांच्याकडूनच आलंय.

रूममधला दोस्त म्हणाला, "फोन करून सांग की, येड्या."

नाही. नांदेडला समोर उभा राहून बोललो, तर घरच्यांना फोनवर का सांगू? मी गाडीची चावी उचलली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.