तीन बोटं

जबड्याच्या सांध्यात इंजेक्शन घ्यायला मी रत्नागिरीतल्या दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा बाकावर शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती. बसली होती म्हणायचं एवढंच. घटकेघटकेला उठून ती दाराशी जाई, घड्याळ बघे आणि परत येऊन तोंडात बोटं उभी घालून बघे. तीन बोटं मावली की तोंड नीट उघडतंय, असं डॉक्टर सांगतात. तिची दोनच मावत होती.

ती हर्णेच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायची. संध्याकाळच्या लिलावाआधी तिला एसटीनं परत पोचायचं होतं. इंजेक्शन घ्यायची तिची ही दुसरी खेप.

"पहिल्यानं गुण नाही आला?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, तोंड मोठं उघडायचं नाय, मऊ खायचं. आठ दिवस नुसती पेज प्याले. पण लिलावात ओरडायचं नाय, हे ते कुठं म्हणाले?"

मला हसू आलं, आणि हसताना माझा सांधा कट्कन वाजला. तिनं वळून पाहिलं.

"भाऊ, माझा जबडा ओरडून गेला. तुमचा कशानं?"

"मी दिवसभर दात आवळून धरतो म्हणे."

"कुणावर?"

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. मी खुर्चीत मान टेकवली. डॉक्टरांनी कानापुढे बोट ठेवून सांधा चाचपला.

"जबडा सैल सोडा," ते म्हणाले.

मी सोडला.

"अहो, सोडा," ते पुन्हा म्हणाले.