गुडघेसर

आमचे सर माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचे, आधी गुडघ्यांकडे. कोणी भेटायला आलं की त्यांची नजर खाली जायची, तिथे जरा रेंगाळायची आणि मग वर येऊन ते म्हणायचे, "बोला." नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या पँटला चिखलबिखल लागलाय. लग्नात सगळे नवरीचा शालू पाहत असायचे तेव्हा सर ती स्टेजच्या पायऱ्या कशी उतरते ते पाहत असायचे. अकोल्यात आम्हा व्हॉलीबॉलच्या पोरींनी त्यांचं नाव गुडघेसर ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

सर मूळचे बाळापूरकडचे. घरी फुलशेती, शेवंती आणि झेंडू. भावांनी मळा सांभाळला आणि हे अमरावतीला जाऊन क्रीडाविज्ञानाची पदवी घेऊन आले. खेळ शिकवणारा कोच वेगळा. सरांचं काम खेळाडूचं शरीर त्या खेळासाठी तयार करायचं, ताकद वाढवायची, दुखापत टाळायची. हे सांगून सांगून ते थकले आणि मग त्यांनी सांगणंच सोडून दिलं. "म्हणजे पीटीचे सर काय?" असं कोणी विचारलं की "हो, तेच" म्हणायचे. त्यांची आई शेजारणींना सांगायची, "पोरगा डाक्टर नाई झाला, पन गुडघे पायते."

पदवीनंतर ते आधी एका जिममध्ये लागले. तिथे मालकाला पावडरचे डबे खपवणारा माणूस हवा होता, आणि सर येणाऱ्या पोरांना फुटाणे आणि अंडी खायला सांगायचे. मग पोलीसभरतीच्या एका वर्गात शिकवायला गेले. तिथली पोरं डांबरी रस्त्यावर धावून धावून नडग्या दुखवून घ्यायची. सर त्यांना म्हणायचे, "आज धावू नको. घरी जाऊन झोप." धावायला म्हणून फी भरलेल्या पोराला हे कसं पटावं? तिथूनही सुटले आणि आमच्या व्हॉलीबॉलच्या अकॅडमीत आले.

"उडी तं कोनीबी मारते," ते म्हणायचे. "खाली कशी येतं, ते दाखव." आम्हाला नेटवर जाऊन चेंडू हाणायचा असायचा आणि सर लाकडी खोक्यावर उभं करून नुसतं खाली उतरायला लावायचे. "आवाज नाई आला पायजे." संध्याकाळच्या संध्याकाळ त्यात जायची. माझी मैत्रीण मनीषा मुद्दाम धपकन उतरायची आणि आम्ही फिदीफिदी हसायचो. सर चिडायचे नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणायचे.

माझा उजवा गुडघा खाली येताना आत वळायचा. बारावीच्या वर्षी तो सुजायलाही लागला. त्याच वर्षी राज्याच्या संघाची निवड अमरावतीला होती. राज्याकडून खेळलं की सरकारी नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागेवर लागायची आशा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. डॉक्टर म्हणाले, खेळायला हरकत नाही, जपून खेळा. सरांनी मला खोक्यावरून उतरवलं, पुन्हा उतरवलं, आणि अकॅडमीच्या मालकांना जाऊन सांगितलं, "हिले नेऊ नका."

माझे बाबा वकील. कोर्टात आवाज चढवायची त्यांना सवय होती, ती त्यांनी त्या दिवशी मैदानावर वापरली. "एका सर्टिफिकिटात पोरीची जिंदगी बनते, समजते का तुमाले?"

"समजते," सर म्हणाले.

"डाक्टर हो म्हनून राहिला, तुमी कोन?"

 व्यायामाचा रबरी पट्टा सरांच्या हातात होता. तो ते बोटांभोवती गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. मी बाजूला उभी राहून तेवढंच पाहत होते. मला राग आला नाही, वाईट वाटलं नाही. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर होतं, तसं सगळं अंग झालं होतं.

माझ्या जागी मनीषा गेली आणि निवडली गेली. तिचे गुडघे काही माझ्याहून फार बरे नव्हते. आज ती सेमाडोहला वनरक्षक आहे, रानात पायी हिंडते, ठणठणीत आहे. सरांना मालकांनी महिनाअखेरीला मोकळं केलं. "आमाले खेळवनारा पायजे," ते म्हणाले, "थांबवनारा नाई."

पुढे मी अमरावतीला जाऊन सरांचीच ती पदवी घेतली.  परत आले तोवर सरांनी अकोल्यात एक टिनाचं शेड भाड्याने घेतलं होतं. सकाळी गुडघे धरलेल्या मावश्या यायच्या, संध्याकाळी खेळाडू. मी त्यांच्या हाताखाली काम करू लागले. एका दुपारी दोघंच होतो, तेव्हा मी विचारलं, "सर, त्या वर्षी मी खेळली असती, तं गुडघा गेला असता का?"

"मले माहीत नाई," सर म्हणाले. "तवाबी माहीत नव्हतं."

"मंग मले थांबवलं काहून?"

"माहीत नव्हतं म्हनूनच."

मग ते वजनं जागेवर लावायला उठले. मीही उठले. 

मागच्या हिवाळ्यात सर गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. बाळापूरच्या घरी जो तो म्हणत होता, एवढा व्यायाम करणारा माणूस. घरच्याच मळ्यातली शेवंती त्यांच्या अंगावर घातली होती. तिरडी उचलताना थोरला भाऊ डाव्या गुडघ्यावर भार देत नव्हता. हे आता सांगायचं कोणाला, एवढा एकच विचार माझ्या मनात आला. मला रडू आलं नाही. बसने अकोल्याला परतले आणि दुसऱ्या दिवशी शेड उघडलं.

शेड आता मीच चालवते. गेल्या आठवड्यात एक कबड्डी खेळणारी मुलगी आली. निवड तोंडावर, गुडघा सुजलेला, आणि डॉक्टरांचं तेच, जपून खेळा. मी तिला खोक्यावर उभं केलं. "उतर," म्हटलं. "पुन्हा." तिचा गुडघा आत जात होता. फार नाही, पण जात होता. फोनमध्ये सरांचा नंबर अजून आहे. मी तो काढून पाहिला आणि फोन ठेवून दिला.

तिचे वडील बाहेर मोटरसायकलवर बसले होते. भाजीच्या अडतीवरून तसेच आले असावेत, सदऱ्याला मेथीची पानं चिकटलेली होती. मी त्यांना म्हटलं, "या वर्षी नका पाठवू."

ते ओरडले नाहीत.  "मॅडम, गेली तं गुडघा जाईनच का?"

"मले माहीत नाई," मी म्हटलं.

ते आणखी काही ऐकायच्या आशेने थांबले होते. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. त्या दिवशी मैदानावर बाबांसमोर सर किती घाबरले असतील, ते मला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मग वडिलांनी मुलीला मागे बसवलं, गाडीला किक मारली आणि ते गेले. मुलीने एकदाही वळून पाहिलं नाही.

मी आत आले आणि लाईट लावायला हात वर केला, तर बोटं वळेनात. रबरी पट्टा त्यांच्याभोवती घट्ट गुंडाळलेला होता. तो कधी हातात घेतला, ते मला आठवत नव्हतं.