हळद, डीव्हीडी आणि आमचे साडू

आमच्या साडूंच्या गाडीतली डीव्हीडी मेहुणीच्या हळदीकुंकवामुळे बंद पडली नव्हती. ती मी बंद पाडली होती. एवढं बोलायला मला सोळा वर्षं लागली!

साडू नागनाथअप्पांचं सिरसाळ्यात बियाण्यांचं दुकान, माझं शेजारीच कापडाचं. मी जुनी जीप ढकलत होतो (पुष्कळदा खरोखरच!) तेव्हा अप्पांनी नवी गाडी घेतली. घेतली तर घेतली, पण तिच्या छताला टीव्ही!

"अहो, अप्पाच्या गाडीत शिनेमा दिसतो," आमची शकुंतला म्हणाली. "आपल्या जीपला निदान काच तरी बसवा!"

सासूबाईंना मात्र एकच सिनेमा पाहायचा होता, अप्पांच्या मुलीच्या लग्नाचा. त्यात आमचे सासरे होते, आणि लग्नानंतर चार महिन्यांतच ते गेले. घरी डीव्हीडी लावावी तर तेवढ्यात लोडशेडिंग! अप्पा म्हणाले, "आई, कपिलधारला दर्शनाला जाऊ. गाडीतच दावतो." आणि मला म्हणाले, "अण्णा, अस्सल डिस्क खड्ड्यात घासंल. बीडला चाललाव तर दोन बॅकप काढून आणा."

बीडच्या कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, "काका, गाडीत लावायची का कॉम्प्युटरवर बघायची? कॉम्प्युटरवाली कापी गाडीत चालत न्हाई बरं का."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कॉम्प्युटरवर." (हे 'आपोआप' खोटं आहे. मी आधी चहा प्यायलो, विचार केला, मग बोललो.)

कपिलधारला निघालो. अप्पांच्या गाडीत दाटीवाटीनं नऊ माणसं, त्यात माझी सख्खी बायको. माझ्या जीपमध्ये मी, स्टोव्ह आणि दोन पातेली. नेकनूरजवळ अप्पांची गाडी थांबलेली दिसली आणि मला स्टोव्हसुद्धा देखणा वाटला!

आत पडदा निळाशार. अप्पांनी डिस्क उपरण्यानं पुसली. शकुंतलेनं फुंकर मारली. दुसरी डिस्क घातली, तीही मुकी. मग अप्पांची नजर बायकोकडे वळली.

"मालन, दसऱ्याला गाडी पुजली तवा ह्या फटीत बी हळदीकुंकू लावलंस का?"

"मशीनच हाय की ते! लावू नको तर काय करू?"

"चिमूट का मूठ?"

 सगळे मालनकडे पाहू लागले. एका वाक्यात मी तिला सोडवू शकलो असतो. मी काय बोललो? "यंत्राला हळद लई वाईट असती बरं का."

सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्येंला जिवंतपणी बी गाडी लागायची." सगळे हसले, त्याही हसल्या. पण कपिलधार येईपर्यंत म्हातारी त्या निळ्या पडद्याकडेच बघत होती, असं शकुंतलेनं नंतर सांगितलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (बुंदी गेली. ती जिरली नाही.)

अप्पांनी परळीच्या मेकॅनिककडे तो डबा उघडायला दिला. त्यानं आतून खरंच हळद काढली, आणि गाडी परत दिली तेव्हा हॉर्न दाबला की वायपर हलायचा! तेवढ्यात मी गुपचूप बीडला जाऊन गाडीत चालणारी कॉपी आणली आणि जुन्या पाकिटात सरकवून ठेवली.

डिस्क चालली. पडद्यावर सासरे पंगतीत आग्रह करत होते.

"मागं घ्या," सासूबाई म्हणाल्या. "अजून एकदा." चार वेळा पाहून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि बोट दाखवलं. "ह्यो मागं कोन हाय? कावून सारखा अप्पाच्या अंगठीकडं बगतोय?"

तो मी होतो. दोन तासांच्या लग्नात मी नवरा-नवरीकडे एकदाही पाहिलेलं नव्हतं!

पण माझी चूक दुरुस्त झाली आणि मालनच्या गळ्यात कायमची पडली. "बगा, हळद काढली अन् चाललं!" अप्पा गावभर सांगत सुटले. तेव्हापासून दर दसऱ्याला मालन गाडीपासून चार हात लांब उभी राहून अक्षता फेकाव्या तशी हळद फेकायची, आणि मी तिथंच उभा राहून प्रसाद खायचो.

सासूबाई गेल्या, अप्पाही थकले. यंदा दसऱ्याच्या सकाळी मी मालनला सगळं सांगून टाकलं.

तिनं पूजेच्या ताटातली हळदीची वाटी उचलली. मग म्हणाली, "भाऊजी, तुमचा मोबाईल द्या. त्येची पूजा ऱ्हायलीय." आणि चार्जिंगच्या भोकात तिनं सोळा वर्षांची हळद भरली. चिमूट नाही, मूठ!

दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "काका, ह्यात हळद कुनी घातली?"

मी म्हणालो, "मीच."