एवढंच झिजलं होतं

शिंदे मिस्त्रींनी माझ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून वर्तमानपत्रावर मांडला होता. धुतलेली दातेरी चाकं उन्हात नव्यासारखी चमकत होती. जळून काळ्या पडल्या होत्या त्या फक्त मधल्या पातळ प्लेटा.

"मॅडम, अख्खा नवीनच टाका," मिस्त्री म्हणाले. "रिपेअरची गॅरंटी नाही देणार मी."

मुलगा ऑफिसातून फोनवर त्यांच्याही पुढे गेला. "आई, गाडीच काढून टाक. या वयात हवीय कशाला?"

काढून टाक! किती चटकन येतं हे माणसांच्या तोंडी. एक जागा अडली की सगळंच निकालात. माझा डावा पाय अधू झाला, तेव्हाही घरात सगळ्यांना तो पायच तेवढा दिसला. माझी शाबूत नजर, स्टिअरिंगवर पक्के बसलेले हात कुणी जमेतच धरले नाहीत. म्हणून तर मी हट्टाने डाव्या पायाने दाबायचा क्लच नसलेली गाडी घेतली होती.

"गॅरंटी मागतंय कोण?" मी मिस्त्रींना म्हटलं. "प्लेटा बदला आणि हाच बसवा."

गाडी आणायला गेले तेव्हा गॅरेजच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून दिले, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून. गाडी चालवत मी घरी आले. मुलगा दारातच उभा होता. किल्लीसाठी त्याने हात पुढे केला.

मी त्या हातावर पिशवी ठेवली.

"बघ, एवढंच झिजलं होतं," म्हटलं, आणि किल्ली पर्समध्ये टाकली.