बावीस फूट उत्तरेला

तिसऱ्यांदा मोजलं तरी बावीसच फूट आले. पालमजवळच्या एका गावात, भर काळ्या रानात, नक्शा गुडघ्यावर पसरून मी बसलो होतो आणि डोकं चालेनासं झालं होतं.

निजामी अमलात मी मोजणीदार होतो. काम साधं. प्रत्येक शेताच्या कोपऱ्यावर सरकारी दगड असे, त्याच्या माथ्यावर फुलीची खूण. तेहतीस फुटांच्या लोखंडी साखळीनं दगड ते दगड अंतर मोजायचं आणि नक्शाशी ताडून पाहायचं. इथं तीन दगड जागच्या जागी होते. चौथा बावीस फूट उत्तरेला, ज्ञानोबा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात शिरला होता. दोन शेतांमधली गवताची पट्टी, म्हणजे धुरा, नांगरटीत कधीच गेलेला. त्यामुळे हद्द म्हणजे तो दगडच.

भानगड विहिरीची होती. ज्ञानोबाची जमीन थोडी, आणि त्यात बापानं खणलेली ही एकच विहीर. दगड आता विहिरीच्याही पलीकडे उभा. म्हणून शेजारचे मोठे जमीनदार शिवलिंगप्पा यांनी अर्ज दिला होता, की विहीर माझ्या सर्व्हे नंबरात येते.

"सायब, हीर गेली तर मी जितंच मेलो बगा," ज्ञानोबा म्हणाला.

"दगड कुणी हलवला? शिवलिंगप्पांनी?"

"छ्या! आप्पा तसलं करनार न्हाईत. आन् आमी तर सरकारी दगडाला पाय बी लावत न्हाई."

ज्याची विहीर चालली होती तोच शेजाऱ्याची बाजू घेत होता. दगडाच्या मुळाशी नुसती ढेकळं रचलेली मी पाहिली होती. पण काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, दगड सैल होतात, म्हणून सोडून दिलं. ही माझी चूक.

त्यात साहेबांनी आठवड्यापूर्वी डोक्यात भुंगा सोडलेला. आमचे मोहतमीमसाहेब, म्हणजे खात्याचे वरिष्ठ, विलायतेत शिकलेले. ऑफिसात जगाचा नक्शा उघडून त्यांनी आफ्रिका आणि अमेरिकेचे किनारे दाखवले होते. एकमेकांत बसतील असे. काही विद्वान म्हणतात, सगळी जमीन एकेकाळी एक होती, मग तुकडे सरकत गेले. बाकीचे विद्वान त्यांना हसतात. "हिंदुस्तान भी दक्षिण से उत्तर को सरका, ऐसा बोलते," साहेब म्हणाले होते.

उत्तरेला! माझा दगडही उत्तरेलाच. क्षणभर अंगावर काटा आला. पण सगळा हिंदुस्तानच सरकत असेल, तर विहीर, दगड, ज्ञानोबा आणि मी, सगळे बरोबरच सरकायला हवे. एकटा दगड पुढे कसा? काही उमगेना.

दुसऱ्या दिवशी येळवस होती. त्या अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप उभारतात, आत पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांना चुना लावून पूजा करतात आणि दिसेल त्याला जेवायला ओढतात. ज्ञानोबानं मला ओढलं. शिवलिंगप्पाही पंगतीला होते. मी चकित होऊन पाहिलं, तर ज्ञानोबा म्हणाला, "अर्ज अर्जाच्या जागी, सायब."

मी कोपीत वाकलो. चार दगड मुठीएवढे. पाचवा गुडघाभर उंच, आणि माथ्यावर चुन्यानं भरलेली फुली.

"हा सरकारी दगड आहे!"

"आज भीम हाय. काळ्या रानात असला देखना दगड गावायचा कुटं? जेवनं झाली की ठिवताव जागंवर."

"पाय लावत नाही म्हणालात ना?"

"पाय कशाला लावाव? हातानंच उचलताव."

जेवणात आंबील होती, ताकातली आंबट. दोन वाट्या पिऊन मलाच उठवेना. तसल्या भरल्या पोटी दोघांनी दगड उचलला. सकाळच्या जागेच्या अडीच फूट अलीकडे, म्हणजे कोपीच्या बाजूला उत्तरेला, दम लागला. "हितंच व्हता," एक म्हणाला. दगड टेकवला, ढेकळं लावली. दगड बसवून आजच्या आधी नऊ येळवशी झाल्या होत्या. दरसाल साधारण अडीच फूट; हिशेब जुळला.

उचलणाऱ्यांपैकी एक ज्ञानोबा. दुसरे, "हितंच व्हता" म्हणणारे, शिवलिंगप्पा.

सरकारी दगड हलवणं गुन्हा. खरं लिहावं तर विहीर वाचते, पण ज्ञानोबा कचेरीत जातो. न लिहावं तर विहीर जाते. मला राग आला होता, आंबीलही चढली होती. मी म्हणालो, "आप्पा, हा दगड एकट्याला उचलत नाही. लिहायचंच तर दोन नावं लिहीन."

शिवलिंगप्पांनी हाताचा चुना उपरण्याला पुसला. "पैल्यांदा खरंच जड झाला व्हता," ते हळू म्हणाले. "मग दरसाल मीच 'हितंच व्हता' म्हनत गेलो."

"आप्पा?" ज्ञानोबा एवढंच म्हणाला. मला ते ऐकवलं नाही.

शिवलिंगप्पांनी अर्ज मागं घेतला. मी दगड मूळ जागी फुलीपुरता माथा वर ठेवून पुरून घेतला आणि रिपोर्टात कारण लिहिलं: काळ्या जमिनीची हालचाल.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. "काली मिट्टी पत्थर हिलाती, मालूम. मगर बाईस फुट?"

"हुजूर, आपनेच फरमाया था, हिंदुस्तान भी सरकता."

"तो आगे भी सरकेगा?"

"नहीं हुजूर. उनको नदी से दूसरा भीम ला दिया."

तोंडातून निघून गेलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा उचलली आणि सही केली.

खंडं कशी सरकतात, ते मला आजही नीट कळलेलं नाही. पण पुढे नोकरीभर हद्दीचा दगड सरकलेला दिसला, की साखळी उघडण्याआधी मी विचारायचो, इथं येळवशीला जेवायला कोण कोण असतं?