शेवटच्या पानावरची सही

आमच्या हौशी नाट्यसंस्थेचं थिएटर चिंचवडला एका वर्कशॉपच्या डोक्यावर आहे. खुर्च्या शहाण्णव, पायऱ्या अडतीस. पायऱ्या मी पहिल्यांदा मोजल्या त्या वहिनींमुळे.

आमचे सगळ्यांत ज्येष्ठ नट तळेगावचे, फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. दादांच्या प्रत्येक नाटकाचा पहिला प्रयोग त्या तिसऱ्या रांगेत बसून बघायच्या. गुडघे गेले आणि ते बंद झालं. गेल्या वर्षी दादा म्हणाले, "आता हे शेवटचं नाटक. पाठांतर न्हाई टिकत." तेव्हा कमिटीत ठरलं की थिएटरला कॅमेरे बसवायचे. पायऱ्या न चढू शकणाऱ्यांना प्रयोग घरी टीव्हीवर बघता येईल. बाकीच्यांचं पुढचं पुढे. आधी दादांचा प्रयोग वहिनींना दिसला पाहिजे.

संस्थेचा कार्यवाह माझा मित्र. आम्ही एकाच वर्षी अप्रेंटिस म्हणून लागलो आणि एकवीस वर्षं चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलो. बसमध्येच तो म्हणाला, "राव, कॅमेरे तू निवड. तू निवडलेस म्हटल्यावर कमिटीत कोणी तोंड उघडत नाही."

मला ते कौतुक वाटलं होतं.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. मोजल्याशिवाय मला काही ठरवता येत नाही. कंपनीतून परवानगीने उजेड मोजायचं मीटर आणलं. नाटकाच्या शेवटी दादा एका खुर्चीत बसून सात मिनिटं बोलतात. रंगमंचावर एकच दिवा असतो, आणि नाटकातली सून मागे कपड्यांच्या घड्या घालत इकडून तिकडे फिरत असते. त्या खुर्चीपाशी उजेड इतका कमी भरला की मी मीटर दोनदा तपासलं. शेवटच्या रांगेपासून खुर्ची चौदा मीटर. तीन विक्रेत्यांना मी तालमीलाच बोलावलं, आणि त्याच दिव्यात दादांचा चेहरा कोणाच्या कॅमेऱ्यात कसा येतो ते बघितलं. एकाच्या कॅमेऱ्यात दादांचे डोळे काळे खड्डे दिसत होते. एकाचं चित्र मुंग्या लागल्यासारखं. तिसऱ्याचे कॅमेरे साधे, हाताने फिरवायचे, पण दादांच्या कपाळावरची शीर दिसली.

शंभर गुणांचा तक्ता केला. कमी उजेडातलं चित्र चाळीस, लांबून चेहरा पंचवीस, हाताने चालवण्याची सोय वीस, आवाज पंधरा. तक्ता पहिल्या पानावर आला आणि शिफारस दुसऱ्यावर. शिफारशीत मी कुठल्याही विक्रेत्याचं नाव घातलं नाही. कोणाची तरफदारी दिसू नये म्हणून लिहिलं, "वरील तक्त्यात पहिला आलेला संच घ्यावा." आणि खाली सही केली.

सही फक्त शेवटच्या पानावर. कंपनीत नवीन पोरं आली की मी पहिल्या दिवशी सांगतो, दर पानावर सही करा, पान बदलायला दोन मिनिटं लागत नाहीत. इथे मला तशी गरज वाटली नाही. कागद मित्राच्या हातात देत होतो.

प्रयोगाच्या आठवड्यात कंपनीत ऑडिट होतं. कॅमेरे बसताना मी थिएटरवर गेलो नाही. रविवारी दुपारी सरळ तळेगावला गेलो. वहिनींचा टीव्ही जोडून द्यायचं काम माझ्याकडे होतं. वहिनी इस्त्रीची साडी नेसून पलंगावर बसल्या होत्या, जवळ पाण्याचा तांब्या.

"भाऊजी, तुम्ही बी बसा हितंच. मला एकटीला काय समजायचं न्हाई."

पाच वाजता पडदा उघडला. चित्र बरं होतं. मात्र कॅमेरा सारखा हलत होता. जो चालेल त्याच्या मागे तो जायचा. मला वाटलं, चालवणारा नवखा असेल. मग शेवटचा प्रवेश आला. दादा खुर्चीत बसले, बोलायला लागले, आणि सून कपडे घेऊन आत आली. कॅमेरा तिच्या मागे निघाला. ती दोरीपाशी गेली, कॅमेरा दोरीपाशी. ती घडी घालत डावीकडे आली, कॅमेरा डावीकडे. दादांचा आवाज स्वच्छ येत होता. दादा नव्हते.

"हे कुठं गेले?" वहिनी म्हणाल्या.

"येतील आत्ता."

सात मिनिटं मी आणि वहिनींनी टॉवेल, परकर आणि उशांचे अभ्रे बघितले. दादांचा खांदा एकदा दिसला. हा संच मी निवडलेला नव्हता.

दादा तोंडावरचा रंग तसाच घेऊन घरी आले. दारातूनच विचारलं, "दिसलो का?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दिसलात की. लई ब्येस केलंत." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी मित्राला विचारलं. त्याने आधी खिडकीकडे बघितलं. मग सगळं सांगितलं. थिएटर नुकतंच आठवड्यातले सहा दिवस एका कोचिंग क्लासला भाड्याने दिलंय. सर फळ्यासमोर फिरतात, त्यांच्या मागे आपोआप फिरणारा कॅमेरा क्लासवाल्यांना हवा होता. कमिटीतल्या पाचही जणांना ते माहीत होतं. मग एका संध्याकाळी माझं पहिलं पान बदललं. आपोआप पाठलागाला पंचेचाळीस गुण, कमी उजेडाला दहा, म्हणजे तक्त्यात पहिला दुसराच संच.

"पान कोणी बदललं?"

"राव, पान बदललं, पण सही तुझीच आहे की. तुझी सही बघितली की सभासद गप्प बसतात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू क्वालिटीवाला. तू अख्खं थिएटरच रिजेक्ट केलं असतंस." तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा म्हणाला, "क्लास नसता तर जागा गेली असती, कळतंय का? मग दादा कुठं बसले असते?"

हे खरं असेल. मला सांगितलं असतं तर फळ्यासाठी एक आणि खुर्चीसाठी एक, असे दोन कॅमेरे मीच निवडून दिले असते. ते त्यालाही माहीत होतं. माझं मत त्याला नकोच होतं. त्याला माझी सही हवी होती. एकवीस वर्षांत त्याने माझ्याबद्दल नीट ओळखलेली गोष्ट एवढीच.

आता मी बसमध्ये मागच्या सीटवर बसतो. संस्थेला पत्र दिलं, तीन पानी, दर पानावर सही करून. उत्तर आलेलं नाही.

दादांचा मात्र फोन आला. "त्या शूटिंगची एक कॉपी दे रे. हिला परत बघायचंय म्हणती."

वहिनींना काय दिसलं ते मला माहीत आहे, आणि त्या परत का मागतायत तेही कळतं. सात मिनिटं आवाज तर आहे. पण कॉपी दादाही बघणार. मी पेन ड्राइव्हवर ती उतरवून घेतली. पंधरा दिवस झाले, तो माझ्या डब्याच्या पिशवीत आहे. आयुष्यभर मी सदोष माल पुढे जाऊ दिला नाही. आणि घरी जाऊन दादांना खरं सांगायचं, तर त्या दिवशी मान मीच हलवली होती.